मूल्यमापन की मोहोर? : कॉमिक-प्रतींचे व्यावसायिक श्रेणीकरण आणि मतभेदाचा अधिकार

१

अमेरिकेतील संग्राह्य कॉमिक-पुस्तकांच्या व्यवहारात सन २००० पासून मूल्यनिर्णयाची एक विलक्षण पद्धत रूढ झाली आहे. जुन्या अंकाची एखादी प्रत व्यावसायिक परीक्षकांकडे पाठविली जाते. ते तिची तपासणी करतात, ०.५ ते १०.० या मापपट्टीवरील एक आकडा तिला देतात आणि मग ती प्रत टणक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद करून तो आकडा पेटीच्या माथ्यावरील लेबलावर छापतात. त्यानंतर ती प्रत उघडता येत नाही, वाचता येत नाही, तिच्या कागदाला बोट लावता येत नाही. ती पाहता येते, विकता येते आणि पुन्हा विकता येते. फ्लॉरिडा राज्यातील सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, संक्षेपाने सी.जी.सी., ही या व्यवसायाला आजचे रूप देणारी आणि अद्यापही सर्वांत प्रभावी असलेली संस्था होय.

या पद्धतीमुळे संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र पाहून हजारो मैलांवरील प्रत विकत घेणे शक्य झाले, आणि याच पद्धतीमुळे एक नवा वादही जन्माला आला. खरेदीदाराने लेबलावरील ९.६ हा आकडा पाहून पैसे मोजलेले असतात. पेटी घरी येते. तिरप्या प्रकाशात धरल्यावर कण्यालगत रंग उडालेल्या तीन-चार बारीक रेघा दिसतात, खालचा कोपरा बोथटलेला दिसतो, मुखपृष्ठाची छपाई एका अंगाला झुकलेली दिसते. खरेदीदाराच्या मते ही प्रत फार तर ९.२ च्या योग्यतेची आहे. तो विक्रेत्याकडे तक्रार करतो. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते : ९.६ ची प्रत विकली, ९.६ ची प्रत पोहोचली. आकडा विक्रेत्याने दिलेला नाही. परीक्षकांकडे दाद मागावी तर प्रत पुन्हा पाठवावी लागते, पुन्हा शुल्क भरावे लागते आणि निर्णय पुन्हा त्याच व्यवस्थेच्या हाती राहतो. पेटी फोडून प्रत हातात घ्यावी, तर पेटीबरोबर श्रेणीही संपते. म्हणजे ज्या निर्णयाविषयी मतभेद आहे, तो प्रत्यक्ष प्रत हाताळून तपासण्याचा खरेदीदाराला उपलब्ध असलेला मार्ग एकच, आणि तो म्हणजे तो निर्णयच रद्द करून टाकणे.

या मतभेदाकडे बाजारातील जाणकार बहुधा नवशिक्या गिऱ्हाइकाची कुरकुर म्हणून पाहतात. साहित्याचे अभ्यासक तर त्याकडे पाहतच नाहीत. हा प्रश्न पैशाचा आहे, समीक्षेचा नाही, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. लेबलावरील आकड्याशी असहमत होणारा खरेदीदार हा या संपूर्ण व्यवहारात मूल्यमापनाची अट पाळणारा, किंबहुना ती पाळू पाहणारा, बहुधा एकटाच माणूस आहे. त्याच्या असहमतीला ज्या पद्धतीत जागा नाही तिला प्रमाणीकरण म्हणता येईल. तिला मूल्यमापन म्हणता येणार नाही.

२

श्रेणीकरणाच्या समर्थकांचे म्हणणे प्रथम त्याच्या सबळ रूपात मांडले पाहिजे, कारण ते निराधार नाही. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची कॉमिक-किमतींची मार्गदर्शिका १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि प्रतीच्या अवस्थेनुसार किंमत ठरविण्याची रीत तिने स्थिर केली. परंतु ती अवस्था ठरविणारा माणूस बहुधा विक्रेताच असे. ज्याला माल विकायचा त्यानेच मालाचा दर्जा सांगावा, ही व्यवस्था कोणत्याही धंद्यात संशयास्पदच म्हणावी लागेल. त्यातच जुन्या प्रतींवर होणारे गुप्त उपचार : उडालेल्या जागी रंग भरणे, झिजलेल्या कडा कातरून सरळ करणे, फाटलेला कागद आतून सांधणे, दुसऱ्या प्रतीतील पाने किंवा पिना आणून बसविणे. यांतील पुष्कळसे सामान्य नजरेला दिसत नाही. १९९५ नंतर ईबेसारख्या लिलाव-व्यवस्थांतून दूरस्थ खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा ग्राहकाच्या हाती छायाचित्र आणि विक्रेत्याचा शब्द एवढेच उरले. अशा वेळी त्या विक्रीत ज्याचा हितसंबंध नाही असा तिसरा पक्ष पुढे आला. त्याने पाने मोजली, उपचार हुडकले आणि जे आढळले ते लेबलावर नोंदविले. सर्वसाधारण प्रतीला निळे लेबल आणि उपचारित प्रतीला जांभळे, या साध्या रंगभेदानेही पुष्कळशी फसवणूक रोखली. ही सेवा खरी होती आणि तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

परंतु हे मान्य करताच एक भेद स्पष्ट करावा लागतो. पाने पुरी आहेत काय, कडा कातरलेल्या आहेत काय, रंग मूळचा आहे की मागाहून भरलेला, ही विधाने तथ्यविषयक आहेत. ती सत्य असतात किंवा असत्य असतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला ती पडताळून पाहता येतात. ‘ही प्रत ९.६ ची आहे’ हे विधान निराळ्या जातीचे आहे. कण्यावर रेघा किती हे मोजता येईल. मात्र तीन रेघा आणि एक बोथट कोपरा यांमुळे प्रतीची एकंदर योग्यता किती उणावते आणि रंगांच्या तजेल्याने ती किती भरून निघते, हा तोलण्याचा, म्हणजेच मूल्यनिर्णयाचा, प्रश्न आहे. समर्थकांचा सारा युक्तिवाद पहिल्या प्रकारच्या विधानांच्या बाजूने केलेला असतो आणि त्यातून मिळालेली प्रतिष्ठा मात्र दुसऱ्या प्रकारच्या विधानाला बहाल केली जाते. उपचार शोधणाऱ्या भिंगाची विश्वसनीयता आकड्याच्या खात्यावर जमा होते. जो खरेदीदार आकड्याशी असहमत होतो, त्याच्यावर जणू त्याने पानांची संख्याच अमान्य केली असा आरोप मग सहज करता येतो. पुढील बहुतेक गोंधळ या एका सरमिसळीतून उद्भवलेले आहेत.

३

आता खुद्द आकड्याकडे वळता येईल. १९९२ मध्ये ओव्हरस्ट्रीट यांच्या श्रेणीकरणविषयक मार्गदर्शिकेने शंभर गुणांची मापपट्टी सुचविली. सी.जी.सी.ने दहाची मापपट्टी वापरली आणि तिला दशांशचिन्ह जोडले. दशांशचिन्हामुळे मोजमापाचा भास निर्माण होतो. तापमापकावर ९.६ आणि ९.८ यांत जसे निश्चित अंतर असते, तसेच ते येथेही असावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात या मापपट्टीवर एकूण पंचवीस पायऱ्या आहेत आणि त्यांतील अंतरे समान नाहीत. तळाशी १.५ आणि २.० यांच्या मध्ये १.८ अशी एक पायरी आहे. तेथून ९.० पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढत जावे लागते. ९.० च्या पुढे मात्र ९.२, ९.४, ९.६, ९.८ अशा लहान पायऱ्या लागतात आणि शेवटी ९.९ व १०.० येतात. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनश्रेणींचे जे वर्गीकरण केले, त्यात केवळ क्रम दाखविणारी श्रेणी आणि समान अंतरे दाखविणारी श्रेणी यांत काटेकोर भेद केला होता. कॉमिक-प्रतींची मापपट्टी उघडउघड पहिल्या प्रकारची आहे. ती ‘हिच्यापेक्षा ही बरी’ एवढेच सांगू शकते. बाजार मात्र ती दुसऱ्या प्रकारची असल्यासारखा वागतो, इतकेच नव्हे तर नेमक्या सर्वांत लहान पायरीवर सर्वांत मोठी किंमत आकारतो. ९.६ आणि ९.८ यांतील भेद अनुभवी डोळ्यालाही कित्येकदा सांगता येत नाही. या दोन श्रेणींच्या किमतींत मात्र अनेकदा दुपटीचे किंवा त्याहून अधिक अंतर असते. जेथे निर्णय सर्वाधिक अनिश्चित आहे तेथेच तो सर्वाधिक महाग व्हावा, ही विसंगती खरेदीदाराच्या मतभेदाला व्यावहारिक धार देते. त्याची तक्रार दोन दशांशांची असते असे म्हणून ती क्षुल्लक ठरविता येत नाही, कारण बाजारानेच ते दोन दशांश क्षुल्लक ठेवलेले नाहीत.

आकड्यांमागे दडलेल्या शब्दांची कथा भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. आकडे येण्यापूर्वी प्रतीच्या अवस्थेची वर्णने शब्दांनी होत आणि ते शब्द आजही आकड्यांशी जोडलेले आहेत. ‘निअर मिंट’ म्हणजे ९.४, ‘व्हेरी फाइन’ म्हणजे ८.०, ‘फाइन’ म्हणजे ६.०, ‘व्हेरी गुड’ म्हणजे ४.०, आणि ‘गुड’, म्हणजे शब्दशः ‘चांगली’, ही श्रेणी दहापैकी २.० ची आहे. या शब्दांना मूळ व्यवहारात एक अर्थ होता. पुरती, वाचता येण्याजोगी, हाताळली गेलेली परंतु निकामी न झालेली प्रत ती ‘चांगली’ प्रत. तो वाचणाऱ्यांचा शब्द होता. आकड्याने त्याला अनुत्तीर्णांच्या रांगेत नेऊन बसविले. शब्द तोच राहिला, त्यामागील व्यवहार मात्र वाचनाकडून अस्पर्शतेकडे सरकला. लेबलावरील शब्द आणि आकडा यांना शेजारी ठेवून वाचले की प्रतीची योग्यता कोणत्या प्रयोजनासाठी, हा प्रश्न कोणी न विचारताच बदलून गेल्याचे दिसते.

आकडा पुरेसा नाही याची कबुली खुद्द बाजारही देतो. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि त्या अंकाची किंमत दहा सेंट होती. त्याची ९.० श्रेणीची एक प्रत २०११ मध्ये २१ लक्ष ६० हजार डॉलरांना गेली. त्याच श्रेणीची दुसरी प्रत २०१४ मध्ये ईबेवरील लिलावात ३२,०७,८५२ डॉलरांना विकली गेली. तीन वर्षांतील तेजीचा भाग वजा केला तरी एक गोष्ट उरते. २०१४ च्या प्रतीविषयी बोलताना तिची पाने किती शुभ्र राहिली आहेत, हे आवर्जून सांगितले जात होते. आकड्याने सर्व काही सांगून झाले असेल तर या वर्णनाची गरज का भासावी? संग्राहकांत ‘आकडा नव्हे, पुस्तक विकत घ्या’ असे एक सुभाषित प्रचलित आहे. ते शहाणपणाचे आहेच. परंतु जे पुस्तक मोहोरबंद पेटीत आहे आणि ज्याचे केवळ छायाचित्र पाहता येते, ते आकड्याला बाजूस सारून विकत कसे घ्यावे, याचे उत्तर त्या सुभाषितात नाही.

४

श्रेणीकरण हे दोषगणनेवर उभे आहे. आदर्श प्रत कल्पून तिच्यापासून प्रत्यक्ष प्रत कोठे कोठे ढळली हे पाहायचे आणि त्या प्रमाणात खाली उतरायचे, अशी त्याची रीत आहे. दोष म्हणजे काय, या प्रश्नाचा जितका सूक्ष्म विचार भारतीय काव्यशास्त्राने केला आहे, तितका या व्यवसायात झालेला नाही, हे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषाचे लक्षण मुख्यार्थाच्या हानीवरून ठरविले आहे. मुख्य काय आहे हे प्रथम ठरल्याखेरीज एखादी गोष्ट दोष आहे की नाही, हे सांगताच येत नाही. आनंदवर्धनाने तर त्याही आधी काही दोष अनित्य असल्याचे दाखवून दिले होते. कानाला कठोर लागणारी वर्णरचना शृंगारात दोष ठरते. रौद्रात तीच उपकारक होते. दोष हा वस्तूच्या अंगावरचा डाग नसून वस्तू आणि तिचे प्रयोजन यांच्यातील एक संबंध आहे, हा या विचाराचा गाभा होय.

कॉमिक-प्रतींच्या बाबतीत या अनित्यतेची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. मुखपृष्ठावरील लिखाण हा सामान्यतः दोष मानला जातो. परंतु नेब्रास्का राज्यातील एका मुलासाठी गावच्या दुकानदाराने राखून ठेवलेल्या आणि म्हणून मुखपृष्ठावर त्याचे नाव लिहिलेल्या प्रतींचा एक विख्यात संग्रह आहे. तेथे तेच पेन्सिलीचे लिखाण प्रतीच्या कुळाची खूण ठरते आणि संग्राहक त्यासाठी अधिक पैसे मोजतात. म्हणजे लिखाण हा दोष आहे की गुण, हे कागदावरून ठरत नाही, इतिहासावरून ठरते. तसे ठरविणे योग्यही आहे. परंतु मग आकडा वस्तूच्या केवळ भौतिक अवस्थेचे निरपेक्ष मापन करतो, हा दावा सोडून द्यावा लागतो.

याहून बोलके उदाहरण ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेच्या नोव्हेंबर १९७४ मधील १८१ व्या अंकाचे आहे. वुल्व्हरिन हे पात्र या अंकात प्रथमच पूर्णपणे अवतरले, म्हणून तो मोलाचा. त्या वर्षी मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने आपल्या अंकांतून चित्र-तिकिटे छापण्यास प्रारंभ केला होता. वाचकांनी ती कापून घ्यावीत आणि वहीत चिकटवावीत असे आवाहन अंकातूनच केले जाई. ज्या मुलांनी ते ऐकले त्यांच्या प्रती आज तिकीट गमावलेल्या म्हणून मोठ्या प्रमाणात अवमूल्यित झाल्या आहेत. अशा प्रतीला सर्वसाधारण निळे लेबल हवे असेल तर अतिशय खालचा आकडा पत्करावा लागतो. ‘सशर्त’ श्रेणीचे हिरवे लेबल असेल तर ती उणीव वेगळी नोंदवून उरलेल्या प्रतीला वरचा आकडा मिळू शकतो. प्रत एकच, कात्री एकच, आकडे दोन.

येथे उणीव आहेच. तिकीट नाही हे तथ्य कोणी नाकारीत नाही. प्रश्न असा, की ही उणीव कोणत्या मुख्यार्थाची हानी करते? अंक ज्या प्रयोजनासाठी छापला गेला, त्या प्रयोजनाच्या दृष्टीने तिकीट कापणारा मुलगा हा आज्ञाधारक वाचक होता. त्याची कृती दोष ठरते ती वाचनाच्या जागी जतन हे प्रयोजन मानल्यावरच. तसे प्रयोजन मानण्याचा संग्राहकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र ते मानलेले प्रयोजन आहे, वस्तूतच असलेला गुणधर्म नव्हे, एवढे तरी स्पष्ट म्हटले पाहिजे. कण्यावरील रेघांबाबतही हेच खरे. पिना लावलेले पुस्तक उघडले की कण्यावर ताण येतो आणि रेघ उमटते. रेघ म्हणजे उघडले गेल्याचा पुरावा. ‘ही प्रत ९.२ ची वाटते’ असे म्हणणारा खरेदीदार आणि ‘९.६’ म्हणणारा परीक्षक यांच्यातील वाद अनेकदा रेघेच्या अस्तित्वाविषयी नसतोच. रेघेला किती वजन द्यावे, याविषयी असतो. आणि वजनाविषयीचा वाद भिंगाने सुटत नाही. त्यासाठी कारणे द्यावी लागतात.

५

कारणांचा हा अभावच श्रेणीकरणावरील मुख्य आक्षेप आहे. काही प्रतींबाबत परीक्षकांची टिपणे उपलब्ध होतात. ती पाहिली असता त्यांत दोषांची आणि त्यांच्या स्थानांची त्रोटक यादी आढळते. त्या दोषांपासून त्या आकड्यापर्यंत परीक्षक कसा पोहोचला, याचे विवेचन आढळत नाही. श्रेणी देणाऱ्या कंपन्या आपल्या अटींत श्रेणी हे व्यावसायिक मत असल्याचे म्हणतात. कायद्याच्या भाषेत जे मत आहे ते लेबलाच्या भाषेत माप होते, आणि विक्रेत्याच्या भाषेत तर वस्तूचाच गुणधर्म होते. तक्रार आली की तेच पुन्हा मत होते. या तिहेरी रूपांतरात खरेदीदाराला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही.

रुचिनिर्णयाचे स्वरूप सांगताना कांटने १७९० मध्ये जे विवेचन केले, ते रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. असा निर्णय संकल्पनांच्या साहाय्याने सिद्ध करून दाखविता येत नाही; तरीही तो सर्वांच्या संमतीची अपेक्षा करतो आणि म्हणूनच त्याविषयी वाद घालणे अर्थपूर्ण ठरते, असे कांटचे म्हणणे होते. लीव्हिस यांनीही समीक्षकाच्या निर्णयाला प्रश्नाचे रूप दिले होते. तो समोरच्याची संमती विचारतो आणि ‘होय, पण’ अशा उत्तराला वाव ठेवतो. प्रतीच्या भौतिक अवस्थेचा निर्णय हा शुद्ध रुचिनिर्णय नव्हे, हे खरे. त्यात तथ्यांचा वाटा मोठा आहे. परंतु तथ्ये संपून तोलणे सुरू होते त्या बिंदूपासून त्यालाही हीच अट लागू होते. ज्या निर्णयाला ‘होय, पण’ असे उत्तर देण्याची सोय नाही, त्याच्या मागे परीक्षकांचे कितीही कौशल्य असो, तो निर्णयाचे कार्य करीत नाही. तो फक्त व्यवहार बंद करतो.

‘होय, पण’ला बंदी घातल्याने मतभेद नाहीसे झाले आहेत, असे मात्र नाही. ते आडमार्गाने वाहू लागले आहेत. असमाधानी मालक पेटी फोडतो, प्रत पुन्हा पाठवितो आणि वरचा आकडा मिळेपर्यंत पाठवीत राहतो. जुने लेबल परत केले गेले नाही, तर श्रेणीप्राप्त प्रतींच्या अधिकृत गणनेत तीच प्रत दोनदा मोजली जाते. मधल्या काळात उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने प्रतीवरील वळ्या सपाट करून घेतल्या जातात. अशा दाबणीला सी.जी.सी. उपचार मानीत नाही, आणि ही सेवा त्या कंपनीच्याच उद्योगसमूहात उपलब्ध आहे. ज्या हितसंबंधांच्या अभावावर तिसऱ्या पक्षाची नैतिक प्रतिष्ठा उभी होती, तो अभाव पूर्वीइतका निर्मळ राहिलेला नाही, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. शिवाय २०१४ मध्ये सी.बी.सी.एस. ही स्पर्धक संस्था सुरू झाली, ती सी.जी.सी.च्या एका माजी प्रमुखाच्या पुढाकाराने. दोन तज्ज्ञ संस्थांकडून एकाच प्रतीला दोन आकडे मिळणे अशक्य नाही. तसे झाल्यावर बाजार त्याला अपवाद किंवा चूक म्हणतो. मतभेदाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची त्याची तयारी नसते.

२०२३ च्या अखेरीस उघडकीस आलेल्या प्रकरणाने तर या पद्धतीचा पायाच तपासायला लावला. खराब झालेली पेटी बदलून देण्याच्या सेवेचा गैरफायदा घेऊन वरच्या श्रेणीच्या लेबलाखाली हलक्या प्रती बसविण्यात आल्याचे दिसून आले, आणि कंपनीला संशयित प्रतींची यादी जाहीर करावी लागली. लेबल खरे होते, पेटी खरी होती. आतील प्रत मात्र त्या लेबलाची नव्हती. अशी लबाडी पकडली जाते ती लेबल बाजूस ठेवून कण्यावरच्या रेघा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहणाऱ्या संग्राहकांच्या नजरेमुळे. ‘हा आकडा या प्रतीला शोभत नाही’ या ज्या उद्गाराची एरवी कुरकुर म्हणून हेटाळणी होते, त्या उद्गाराखेरीज हा घोटाळा चालतच राहिला असता. मतभेदाला जागा नसलेली व्यवस्था स्वतःच्या भल्यासाठीदेखील मतभेदावर अवलंबून असते, एवढा निष्कर्ष यातून निश्चितच काढता येतो.

६

यावर एक तात्त्विक आक्षेप संभवतो. श्रेणी ही कलाकृतीला दिलेली नाही, प्रतीला दिलेली आहे. तेव्हा समीक्षेचे निकष तिला लावणे हा कोटिप्रमाद होय, असे म्हटले जाईल. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये केलेला भेद या आक्षेपाच्या मदतीला आणता येतो. साहित्यकृतीची प्रत्येक अचूक प्रत ही त्या कृतीचे सारखेच अस्सल रूप असते. चित्राची नक्कल मात्र चित्र नसते. कॉमिक-अंकाची कथा आणि चित्रे पुनर्मुद्रणातही तीच राहतात. म्हणून ९.६ आणि ९.२ यांत कृतीच्या दृष्टीने काहीच फरक नाही, आणि जो फरक आहे तो समीक्षेच्या कक्षेबाहेरचा, असा हा युक्तिवाद आहे.

तो अर्धाच खरा आहे. संग्राहकाने प्रतीकडे कृती म्हणून पाहणे सोडले आहे, हे बरोबर. त्याने छापील वस्तूला जवळजवळ चित्राचे एकमेवत्व बहाल केले आहे. परंतु त्यामुळे निर्णयाचे तर्कशास्त्र बदलत नाही. निर्णयाचा विषय महाकाव्य असो, हस्तलिखित असो की दहा सेंटांचा अंक असो, तोलणारा जेव्हा तोलतो तेव्हा त्याने वजने दाखवावीत, ही अपेक्षा विषयाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नाही. उलट विषय जितका सामान्य, तितके निर्णयाचे अस्थिपंजर स्पष्ट दिसते. थोर साहित्यकृतींच्या मूल्यमापनात परंपरा, आदर आणि शैली यांची वस्त्रे इतकी असतात की कारणांवाचून दिलेला निकालही समीक्षा म्हणून खपून जातो. कॉमिकच्या पेटीवर ती वस्त्रे नाहीत. तेथे नुसता निकाल आहे, आणि निकालाला विरोध करणारा एक नाराज माणूस आहे.

त्या माणसाचे म्हणणे प्रत्येक वेळी बरोबर असते असे मुळीच नाही. पुष्कळदा त्याचा डोळा अप्रशिक्षित असतो. पुष्कळदा पेटीच्या प्लॅस्टिकवरील ओरखडा तो प्रतीवरील दोष समजतो. कधी दिलेली किंमत त्याला मागाहून बोचू लागलेली असते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकांचे जे प्रकार सांगितले त्यांत मत्सरी भावकही आहे आणि काहीच न रुचणारा अरोचकीही आहे. परंतु त्यांच्या जोडीला तत्त्वाभिनिवेशीही आहे, आणि बोलू दिल्याखेरीज यांतला कोण कोणता हे कळण्याचा मार्ग नाही. असहमत खरेदीदार चुकत असेल तर त्याची चूक कारणांनीच दाखविली पाहिजे. पेटीकडे बोट दाखविणे हे कारण नव्हे.

म्हणून श्रेणीकरण बंद करावे अशी मागणी करण्याचे प्रयोजन नाही. मागणी एवढीच असू शकते की त्याने आपल्या दोन कामांची फारकत करावी. पाने, उपचार आणि कातरलेल्या कडा यांविषयीची तथ्ये छातीठोकपणे सांगावीत; तेथे त्याचा अधिकार निर्विवाद आहे. योग्यतेचा निर्णय देताना मात्र कोणत्या दोषाला किती वजन दिले आणि का, हे लिहावे. प्रतीची पुरेशी तपशीलवार छायाचित्रे निर्णयाबरोबर कायम उपलब्ध ठेवावीत, म्हणजे पेटी न फोडताही दुसऱ्याला ते तोलून पाहता येईल. आणि पुढे कोणी सकारण मतभेद नोंदविला तर तोही त्या प्रतीच्या नोंदीत राहावा. असे झाल्यास आकड्याचा दरारा थोडा ओसरेल आणि काही विक्रेत्यांची गैरसोय होईल. परंतु ९.६ हा आकडा तेव्हा प्रथमच एक निर्णय म्हणून वाचता येईल, म्हणजे त्याच्याशी सहमत होण्यालाही काही अर्थ उरेल.